'ओल्डबॉय'चा रिमेक : भटक्या यांच्या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

भटकेराव, तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच खाली उत्तर टाईप करायला घेतलं तर ते मूळ लेखाएवढं व्हायला लागलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी २००३ चा कोरियन 'ओल्डबॉय' अजून बघितलाच नाहीये त्यांनी मात्र इथूनच मागे फिरा, कारण पुढे सगळी गुपितं फोडलीत आणि हा सिनेमा एकदा फुटला की पहिल्यांदा बघायची मजा गेलीच म्हणून समजा.

बाकीच्यांसाठी, भटक्या यांचं म्हणणं थोडक्यात असं. स्पाइक लीच्या २०१३ च्या रिमेकला मी उगाच झोडपलं. कोरियन म्हटलं की मी माना डोलावतो आणि हॉलिवूड म्हटलं की नाक मुरडतो. ज्याचे मी गोडवे गातो तो सिनेमा स्वतःच जपानी कॉमिक्सवरून घेतलेला, मग रिमेकवरच राग का. शाळेतल्या एका फुसक्या गॉसिपसाठी कोणी कोणाला १५ वर्षं कोंडून ठेवेल हे पटतच नाही, रिमेकने निदान कारण तरी दमदार दिलं. संमोहनाची भानगड म्हणजे पळवाट, रिमेकचा शेवट जास्त प्रामाणिक. आणि "जिवंत ऑक्टोपस खाल्ला म्हणजे अभिनय होत नाही." वर आणि ह्याच गोष्टीवरच्या हिंदी 'जिंदा'बद्दल मी मूग गिळून का गप्प बसलो, हाही सवाल आहेच.

ऑक्टोपसचं आधी उरकतो. ऑक्टोपस खाऊन कोणी नट होत नाही, मान्य. पण तो सीन स्टंट म्हणून तिथे नाहीये हो. दे-सू, म्हणजे कोरियन सिनेमाचा नायक, १५ वर्षं एका खोलीत तळलेले मंडू खाऊन जगलाय (फ्राईड मोमो समजा), रोज तेच आणि त्याच चवीचे, आणि सुटल्यावर हॉटेलात बसून तो म्हणतो मला काहीतरी जिवंत खायचंय. ऑक्टोपस समोर येतो तर तो कापून द्यायचीही वाट बघत नाही, दातांनीच तोडायला लागतो आणि त्या प्राण्याचे पाय ह्याच्या नाकाला गालाला चिकटून वळवळत राहतात. चेहऱ्यावर ना मजा, ना किळस. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्याही जिवाला हात लागला नाही असा माणूस एका जिवाला भिडतो तो असा, त्याला खाऊन. दे-सूचं काम करणारा चोई मिन-सिक स्वतः बौद्ध आहे, त्या सीनला चार ऑक्टोपस लागले आणि प्रत्येक वेळी त्याने आधी प्रार्थना केली. तुम्हाला हा दांभिकपणा वाटू शकतो, मला नाही वाटत, असो. रिमेकमध्ये काय आहे? तिथला नायक जोश ब्रोलिन एका रेस्टॉरंटमध्ये टाकीतल्या ऑक्टोपसकडे क्षणभर बघतो आणि पुढे सरकतो. संपलं. ज्याने मूळ सिनेमा बघितला नाही त्याला हा माणूस तिकडे का बघतोय ते कळणार नाही आणि ज्याने बघितलाय त्याला मूळ सीन आठवून आत्ता समोर आहे तो पांचट वाटणार. असं कशाला करायचं मग?

आता जपानी कॉमिक्सचं. हो, गारोन त्सुचियाने लिहिलेली आणि नोबुआकी मिनेगिशीने चितारलेली मांगा आहे, १९९६ ते १९९८ मध्ये आलेली. पण भटकेराव, हा मुद्दा तुमच्या बाजूचा नाहीच, तो माझ्याच बाजूने बोलतो. मांगामध्ये कैद १० वर्षांची आहे, बाप-लेकीचा भाग (सुटल्यावर नायक जिच्या प्रेमात पडतो ती त्याचीच लेक निघते, तो) तिथे नाहीच, आणि खलनायकाच्या रागाचं कारण तर तुम्हाला जे फुसकं वाटतंय त्याहून कितीतरी फुसकं आहे. वर्गात एक एकलकोंडा मुलगा गाणं म्हणतो आणि ते ऐकून दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. बस, एवढंच. आपलं एकटेपण कोणीतरी ओळखलं, ह्याचाच त्याला अपमान वाटतो. कोरियन सिनेमाचा दिग्दर्शक पार्क चान-वूकने ह्यातलं 'माणूस कोंडलाय, का ते त्याला माहीत नाही' एवढं उचललं आणि बाकी घर पाडून नवीन बांधलं. मी मूळ प्रतीला सोवळ्यात ठेवणारा असतो तर पार्कलाच आधी शिव्या घातल्या असत्या. स्पाइक लीने फार बदललं ही माझी तक्रारच नव्हती, त्याने जे बदललं ते नेमकं काय होतं आणि बदलून हाताला काय लागलं, एवढंच विचारतोय.

आणि हॉलिवूडद्वेषाचं म्हणाल तर 'इन्फर्नल अफेअर्स' हा २००२ चा हाँगकाँगचा सिनेमा स्कॉर्सेसीने बॉस्टनच्या आयरिश गुंडांमध्ये नेऊन ठेवला, २००६ चा 'द डिपार्टेड', सर्वोत्कृष्ट सिनेमाचं ऑस्कर मिळालं, आणि मला तो बेहद्द आवडतो. तिथली माणसं तिथलीच वाटतात, त्यांचं चर्च, त्यांच्या शिव्या, त्यांची पोलिसातली घराणी. रिमेक असावा तर असा. तेव्हा तो शिक्का माझ्यावर मारू नका.

बरं, आता कारणाकडे येऊ, कारण खरं भांडण तिथेच आहे.

दे-सू शाळेत असताना एकदा फुटक्या काचेतून वू-जिन (पुढे त्याला कोंडणारा खलनायक तो हाच) आणि त्याची सख्खी बहीण सू-आ ह्यांना बघतो. जे दिसायला नको ते दिसतं. तो सोलला दुसऱ्या शाळेत जाणार असतो, जाता जाता मित्राला सांगून मोकळा होतो आणि निघून जातो, आणि विसरतो. मागे ती गोष्ट ह्या तोंडातून त्या तोंडात जात वाढत जाते, मुलीला दिवस गेलेत इथपर्यंत पोचते, तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं आणि ती धरणावरून उडी घेते. ह्या सगळ्यात दे-सूचा वाटा किती? एक वाक्य. तुम्ही म्हणता एवढ्यासाठी १५ वर्षं? अहो, हेच तर दिग्दर्शकाने तुमच्याकडून वदवून घ्यायचं ठरवलेलं होतं! त्या खोलीत बसून दे-सू वह्या भरतो, आयुष्यात आपण कोणाकोणाचं वाईट केलं, कोणाला दुखावलं, कोणाच्या बायकोकडे बघितलं, सगळ्यांची यादी, वह्यांवर वह्या. आणि त्या यादीत हे प्रकरण नाहीच. ते लपवलंय म्हणून नाही, त्याच्या लेखी ती गोष्टच नव्हती म्हणून. पुढे वू-जिन त्याच्या तोंडावर सांगतो की तुला आठवत नाहीये ह्यात जादूटोणा काही नाही, तुझ्यासाठी ते इतकं क्षुल्लक होतं की तू चक्क विसरलास. मला सिनेमातला सगळ्यात भयानक क्षण तो वाटतो, दात उपटायचा नाही की जीभ कापायचा नाही. कारण दात आपले कोणी उपटणार नाहीये, पण कोणाच्या तरी धरणाला आपण असंच एखादं वाक्य बोलून कारण झालेलो असू आणि आपल्याला पत्ता नसेल, हे शक्य आहे ना? सिनेमातच एक वाक्य दोनदोनदा येतं, की वाळूचा कण असो नाहीतर दगड, पाण्यात दोन्ही बुडतातच. तुम्ही कणाला दगड करून मागताय.

आणि रिमेकने तेच केलं. आधी नायकाला दगड केला. मूळ दे-सू काय आहे, तर एक बडबड्या दारुडा. पोलीस चौकीत बसलाय, लेकीच्या वाढदिवसासाठी घेतलेले परीचे पंख स्वतःच चढवून नाचतोय, पोलिसांना वैताग आणतोय, आपण हसतो त्याला. वाया गेलेला आहे पण राक्षस नाही, असा एखादा प्रत्येकाच्या नात्यात असतो. रिमेकमधला जो डुसेट जाहिरात कंपनीत आहे, लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला जात नाही, बायकोशी फोनवर खेकसतो, क्लायंटच्या बाईवरच लाईन मारून हातातली डील घालवतो. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला बजावून सांगितलं जातं की हा नालायक आहे हां, लक्षात ठेवा, ह्याचं जे होईल ते ह्याच्या कर्माने होईल.

मग खलनायकाची बाजू. इथे भाऊ-बहिणीवर भागलं नाही म्हणून बापाला आणला. एड्रियन प्राइसचा बाप दोन्ही मुलांचं शोषण करतो, शाळेत बभ्रा झाल्यावर कुटुंबाला युरोपात हलवतो आणि तिथे बंदूक काढून बायकोला मारतो, मुलीला मारतो, मुलावर झाडतो आणि स्वतःला संपवतो. मुलगा वाचतो तो एड्रियन. तुम्ही ह्याला 'दमदार कारण' म्हणालात. दमदार आहेच हो, इतकं दमदार की जो डुसेटची गरजच उरत नाही. गोळ्या बापाने घातल्या ना? मग राग जोवर का? सिनेमाचं उत्तर असं की पोरगा डोक्याने गेलेला आहे, त्याला बापाचं ते 'प्रेम'च वाटत होतं. ठीक, मानसशास्त्र म्हणून चालेल, पण प्रेक्षक म्हणून मी त्या क्षणी सुटलो. वेड्या माणसाने वेडेपणा केला, नालायक माणसाने भोगलं, जमाखर्च जुळला, चला घरी.

मूळ सिनेमात हा जमाखर्च जुळतच नाही. वू-जिनला एवढी वर्षं जे पोखरतंय ते दे-सूचं वाक्य नाहीये. धरणावर बहिणीचा हात त्याच्या हातात होता आणि तो सुटला. सूड उरकल्यावर तो लिफ्टमध्ये उभा राहतो, हात पुढे करतो, त्याला पुन्हा तोच हात दिसतो, तोच सुटतो, आणि तो स्वतःला गोळी घालतो. आयुष्यभर दुसऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात घालवलं म्हणून आत्तापर्यंत जगला, आता दुसरा कोणी उरला नाही. एड्रियनही शेवटी गोळीच घालून घेतो, पण तिथे मला एवढंच वाटलं की बरं, हेही झालं.

क्लायमॅक्सचं थोडं अजून, कारण तुम्ही म्हणालात की दोन्हीकडे 'सेमच' आहे. प्रसंग सेम आहे, मान्य. पण मूळमध्ये दे-सूच्या हातात एक अल्बम येतो. पहिल्या पानावर त्याचाच जुना फॅमिली फोटो, मग पान उलटलं की लेक थोडी मोठी, आणखी पान, आणखी मोठी, आणि कुठल्या तरी पानावर आपल्या लक्षात येतं की हा चेहरा कोणाकडे चाललाय, आपल्या लक्षात त्याच्या एक क्षण आधी येतं आणि तो क्षण असह्य आहे. कोणी काही समजावत नाही. नंतर तो धमक्या देतो, मग हात जोडतो, मग कुत्र्यासारखा भुंकतो, शेपूट हलवल्यासारखं करतो, वू-जिनचे बूट चाटतो, मी-दोला, म्हणजे त्या लेकीला, हे कळू देऊ नकोस एवढ्यासाठी. आणि वू-जिन रुमाल तोंडाला लावून उभा आहे, खांदे हलतायत, वाटतं ह्याला रडू आलं बहुतेक. मग रुमाल जरा सरकतो आणि कळतं की हसतोय. मग कात्री, आणि जीभ. ज्या अवयवाने सुरुवात झाली तोच तो कापून देतो, कोणी मागितलेला नसताना. ब्रोलिनला इथे कोसळायला लावलंय आणि तो मनापासून कोसळतो, ब्रोलिनबद्दल माझी तक्रार मूळ लेखातही नव्हती. पण त्याच्याकडे देण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, तो फक्त मरण मागतो. एड्रियन झालेला शार्ल्टो कोपली तर तो उंची उच्चार काढून एवढं बोलतो, एवढं समजावतो, की मला कंपनीचं प्रेझेंटेशन बघतोय असं वाटायला लागलं.

हातोडीच्या मारामारीबद्दल तुम्ही लिहिलंत की रिमेकमधली जास्त 'भारी' आहे, दोन-तीन मजल्यांवर होते, कोरिओग्राफी जबरदस्त. भारी आहे ना, तोच प्रॉब्लेम आहे. कोरियन सीन एका अरुंद पॅसेजमध्ये बाजूने शूट केलाय, एकच सलग शॉट, तीन दिवस लागले आणि १७ टेक झाले. त्यात दे-सू दमतो. नीट बघा, मारणारेही दमतात, मध्येच सगळे थांबून धापा टाकतात, एखादा भिंतीला टेकतो, आणि पाठीत सुरा घुसलेला असताना हा पुन्हा उठतो. १५ वर्षं भिंतीवर काढलेल्या पेन्सिलीच्या आकृतीला गुद्दे मारून जेवढी मारामारी शिकता येते तेवढीच त्याला येते. ब्रोलिन मात्र जिममधून आल्यासारखा एकेकाला झोपवत जातो. आता न्यायाने बोलायचं तर ह्यात सगळा दोष स्पाइक लीचा नाही. त्याने तोही सीन सलग घेतला होता, निर्मात्यांनी त्यावर कात्री चालवली. अख्खा सिनेमाच कापून १०४ मिनिटांचा केला, ब्रोलिनने तर मुलाखतीत सरळ सांगितलं की लीचं मोठं व्हर्जन मला जास्त आवडलं होतं. आणि लीने निषेध कसा केला बघा, त्याच्या सिनेमांच्या टायटल्समध्ये कायम 'अ स्पाइक ली जॉइंट' असतं, इथे नुसतं 'अ स्पाइक ली फिल्म' आहे. म्हणजे दिग्दर्शकानेच अर्धा हात काढून घेतलेला सिनेमा मी का डोक्यावर घेऊ? ३ कोटी डॉलर घातले आणि जगभरातून जेमतेम ५० लाख परत आले, पण ते मी पुरावा म्हणून वापरत नाही, चांगले सिनेमेही आपटतात.

शेवटाबद्दल मात्र तुमच्या म्हणण्यात दम आहे. जो सगळं उरकून, लेकीला पत्र लिहून, तिच्या पैशाची सोय करून, परत त्याच तुरुंगात स्वतःहून जाऊन बसतो, ही कल्पना कागदावर उत्तम आहे. दे-सूने संमोहन करणाऱ्या बाईकडे जाऊन हे माझ्या डोक्यातून काढ म्हणणं त्यापुढे भित्रेपणाचं वाटतं, खरंय. पण दोन गोष्टी बघा. एक, संमोहन काढून टाकल्यावर रिमेकच्या खलनायकाची अख्खी योजना नशिबावर लटकते, ती दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली नसती तर? २० वर्षांचा (रिमेकमध्ये कैद तेवढी आहे) खर्च पाण्यात! पार्ककडे खलनायक दोघांना संमोहित करूनच प्रेमात पाडतो, लंगडं कारण आहे, पण आहे तरी. दोन, जोचा शेवट फार स्वच्छ आहे. त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा घेतली, चेहऱ्यावर समाधान. दे-सूच्या चेहऱ्यावर बर्फात शेवटी जे येतं ते हसू आहे की वेदना हे आजही लोक भांडत बसतात. विसरला असेल तर तो अजाणता पाप करत राहणार, विसरला नसेल तर जाणूनबुजून. दोन्हीपैकी कुठलंही धरा, पोटात गोळा येतो. प्रामाणिक कुठला म्हणायचा ते तुम्ही ठरवा, मला तरी स्वच्छ शेवटाची शंका येते.

मला जास्त हळहळ वेगळ्याच गोष्टीची आहे आणि ती मूळ लेखात नीट लिहिली नव्हती म्हणून इथे लिहितो. स्पाइक ली हा साधा माणूस नाही. '२५थ अवर' त्याचाच, सात वर्षांच्या कैदेला जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट, २००२ ची, तुरुंग ह्या गोष्टीची भीती त्याच्याइतकी कोणी दाखवली असेल असं मला वाटत नाही. आणि गोष्ट काय हातात आली? पैसे घेऊन माणसं कोंडून ठेवणारा खासगी तुरुंग. कोरियात ही कविकल्पना आहे, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधल्या मजल्यावर, लिफ्टची दोन बटणं एकदम दाबल्यावर लागणारी जागा. अमेरिकेत तो १९८० च्या दशकापासून चालू असलेला खरा धंदा आहे, कंपन्या आहेत, शेअर बाजारात नोंदलेल्या! सॅम्युअल एल. जॅक्सनसारखा जेलर हाताशी. त्या खोलीच्या भिंतीवर हसऱ्या कृष्णवर्णीय हॉटेल-नोकराचं पोस्टर आहे, तुमचा मुक्काम आणखी सुखाचा कसा करू असं विचारणारं. ते पोस्टर बघून मी सावरून बसलो होतो, म्हटलं आता ली त्याच्या घरच्या अंगणात आला. त्या खोलीतला पहिला अर्धा तास चांगलाही आहे, तो रोज येणारी व्होडका संडासात ओततो, उंदरीण पाळतो आणि एक दिवस तीच पिल्लांसकट ताटात येते, हे कोरियन सिनेमात नाहीये आणि अंगावर येतं. आणि मग तो बाहेर पडतो आणि सिनेमा पुन्हा मुकाट पार्कच्या पावलावर पाऊल टाकायला लागतो, मंडूच्या चवीवरून हॉटेल शोध, तुरुंग शोध, हातोडी काढ. तुरुंगाच्या धंद्याचं पुढे काहीच नाही. 'द डिपार्टेड'ला बॉस्टन सापडलं, ह्याला स्वतःचं अंगण दिसूनही त्याने पाय आत टाकला नाही.

राहता राहिला 'जिंदा'. संजय गुप्ता, २००६, संजय दत्त आणि जॉन अब्राहम, १४ वर्षं, बँकॉक. त्यावर गप्प बसलो कारण तो लेख अधिकृत रिमेकबद्दल होता आणि 'जिंदा'ने कोणाला विचारलंच नव्हतं, कोरियन कंपनीने कोर्टाची भाषा केली होती तेव्हा. त्यांनी पॅसेजची मारामारी सुद्धा जशीच्या तशी घेतली आणि बाप-लेकीचा भाग तेवढा काढून टाकला, आता तो काढला की सुडाला अर्थ काय राहिला हे मला विचारू नका. एक मात्र कबूल, कोंडलेला संजय दत्त खोटा वाटत नाही. त्यावर सविस्तर लिहायची माझी तयारी नाही, तुम्ही लिहिलंत तर लिंक इथेच टाका, वाचतो आणि तेव्हा तुमची उलटतपासणी घेतो.